कागदातले कान

न्हाई, चहा ऱ्हाऊ द्या. तुमी केलेलं काचंचं सारं पाहिलं — निळं, पिवळं, आतून बत्ती, झाक केलं. आता हे कागदात कापून टांगलेलं सांगा, विश्वंभरराव. मेंढरांचे कान हायेत ना? अकरा जोड्या. डाव्याला दोन खाचा, उजव्याला भोक — भोकातून उजेड बराबर माझ्या धोतरावर पडून राहिला. कुठं पाहिले असे? तुमच्याच गोठ्यात? टोपल्यात होते, ल्हानपणी तुमी खेळलात त्यांच्याशी. वडील म्हणले, मेलेल्या मेंढरांचे. असं म्हणला का संतराम पाटील?

मंग ऐक. ही खूण माझ्या बापाची. अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कोणाची न्हाई. आमच्यात रीत हाय — राखणीवर मेंढरू मेलं तर राखणारानं त्याचा कान आणून दाखवायचा. आणला तर मेलं, न्हाई आणला तर विकून खाल्लं. अन् चोर काय करतो? जित्या मेंढराचा कान बुडापासून कापतो. खूण गेली, मंग जवळा बाजारच्या आठवडी बाजारात उभं करा, कोण वळखतं?

माझा धाकटा भाऊ खेमा सिद्धेश्वरच्या धरणाकडं राखणीला होता. अकरा मेंढरं गेली. मी म्हणलं, कान दाखव. म्हणला, दादा, चोरी झाली, कान कुठून आणू? पंच बसले. पंचात तुझा बाप — तोच म्हणला, कान न्हाई म्हणजी पोरानंच विकली. पान खात म्हणला. अन् कान ह्याच्या गोठ्यात!

काढू नको ते! हात लावू नको. उद्या गाव येणार ना पाहायला? बापाला आण. उठता येत न्हाई? खाटेसकट आण. ह्या उजेडात ठेव, तोंड दिसू दे लोकायला. मला जे आत्ता सांगितलंस, तेच मोठ्यानं सांग. न्हाई सांगितलं तर मी सांगीन — सव्वीस वर्षं पंचाचं खरं मानून गप होतो, आता न्हाई.

खेमा? तो काहून येतो. पंचापुढं हात मोडला त्याचा, तसाच गाव सोडून गेला. परभणीकडं वीटभट्टीवर होता म्हणं. एका हातानं काय भट्टी होते? औंदा पोळ्याला वारला. मला चार दिवसांनी कळलं.

काय? हात कोणी मोडला?

पंचांनी सांगितलं होतं — न्हाई, मोड असं न्हाई म्हणले, मार म्हणले — मोठा भाऊ मीच ना, मंग काठी कोणाच्या हातात —

तुझ्या बापाचं चाललंय हितं. माझं न्हाई. व्हय बाजूला.