रायफलच्या चापाला कुंकू

शेजारच्या नानांनी लेकीच्या, म्हणजे वर्षाच्या, रायफलला नवा चाप बसवला, तेव्हाचं सांगते. आम्ही देवपूरला राहायचो. तो चाप स्क्रू फिरवून हलका-जड करता यायचा. वर्षाला नेमबाजीच्या स्पर्धेसाठी हलका हवा होता, म्हणून नाना सकाळपासून तो हलका, अजून हलका करत बसलेले.

त्यात खंडेनवमी. मी सवयीने डोकावले, तर रायफल पाटावर ठेवलेली. म्हटलं, "अगं बाई, हिची पूजा राहिली की!" आणि कुंकवाचं बोट थेट चापालाच टेकवलं.

खट्ट!

माझ्या हातून करंडा पडला. नळी खिडकीकडे होती अन् खिडकीत वर्षा उभी!

"रिकामी शे, अक्का! रिकामी शे!" नाना ओरडले.

वर्षा हळूच म्हणाली, "नाना, आणि भरलेली असती तर?"

नानांनी स्क्रू उलटा फिरवला, रिकामी रायफल पुन्हा ताणली, नळी भिंतीकडे केली. "लावा आता कुंकू."

भीतभीत लावलं. आवाज नाही.

तेव्हापासून स्क्रूला हात लावला की नाना भिंतीवरून हाक मारायचे, "अक्का, करंडा आणा!" माझ्या बोटाने खट्ट झालं, तर रायफल वर्षाच्या हाती जायची नाही.