अल्ताफच्या कॅमेऱ्यातला ठिपका

...आणि कॅमेऱ्याच्या आत फुंकर मारायची नसते, हे त्या अल्ताफला सांगणार कोण? तुम्हाला सांगतो, दोन हजार सहा साल, भिंग बदलायचा डिजिटल कॅमेरा अख्ख्या भोरात एकट्या त्याच्याच स्टुडिओत, मग विचारायचं कुणाला, एसटीच्या कंट्रोलरला? झालं काय, शिवऱ्याला हायवेच्या कडेला, शेजारनं खडीचे ट्रक पळतायत, आणि ह्यानं तिथंच उभ्या उभ्या भिंग बदललं. धूळ गेली आत. तेव्हापासून कुठलाही फोटो घ्या, वर कोपऱ्यात काळा ठिपका. भिंग पुसलं, ठिपका तिथंच. दुसरं लावलं, ठिपका तिथंच. आणि परवावर किकवीच्या कोंडिबांच्या सुलक्षणाचं लग्न!

पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला, तर तो थंडपणे, "सेन्सरवर धूळ बसलीये. फोटो जिथं उमटतो ती आतली काच. हात लावू नका. आणून द्या, आठ दिवसांत मिळेल." आठ दिवसांत? तोवर नवरी सासरी जाऊन माहेरपणाला परत यायची!

मग मारली फुंकर. बायको, कुलसुम, दारातनं सांगतेय, "अहो, थुंकी उडंल," आणि उडालीच... एकाचे पाच झाले. मग मेडिकलमधनं कान धुवायचा रबरी फुगा आणला, दाबला भसाभसा. आता नव्या फुग्यात पावडर असते, हे माणसाला काय ठाऊक? फोटो काढून बघतो, तर जुना ठिपका तिथंच आणि त्याच्याभोवती बारकी बारकी पोरंबाळं. कुलसुम म्हणाली, "रोलवाला जुना न्या की." अहो, तो विकूनच हा घेतलेला!

लग्नात बघायला पाहिजे होतं. "मामा, इकडं सरका. काकी, जरा खाली बसा." ठिपके फेट्यात लपव, केसांत लपव, घामानं शर्ट चिंब. कोंडिबा म्हणाले, "आरं, फोटू काढतुयास का कवायत घेतुयास?"

आणि नेमकी तेव्हाच नवरीची आजी, सखूबाई, काठी टेकत आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अल्ताफचा हात धरून म्हणाली, "बाबा, मला आता लांबचं दिसत न्हाई. नात चालली. तिचं तोंड लई मोठं करून दे, भिताडावर लावंन म्हंते, हात फिरवाया."

फोटो मोठा म्हणजे ठिपकाही मोठा! कॅमेरा गेला पुण्याला, अन् हा बसला कॉम्प्युटरपुढं. माऊस धरून एकेक ठिपका टिपतोय, कपाळावरचा, गालावरचा, एक पुसावा तर दुसरा तिथंच. चार दिवस, तुम्हाला सांगतो. शेवटी चेहरा असा निघाला, जसा धुतलेला तांदूळ. फ्रेम केली, एसटीत मांडीवर धरून किकवीला नेली.

सखूबाईनं फ्रेम नाकाला लावली. खालपासून वरपर्यंत बघितली. मग काचेवरनं हात फिरवला.

"पोरगी छान हाय," म्हणाली. "कुनाची?"

"आजी, तुमचीच सुलक्षणा."

"न्हाई बाबा. माज्या सुलीच्या हनुवटीला तीळ हाय. म्या न्हाऊ घातलंय तिला."

अल्ताफ फ्रेम काखेत मारून घरी आला, पुन्हा कॉम्प्युटर लावला. कुलसुमनं विचारलं, "आता काय?"

"ठिपका काढतोय."

"सगळे काढले होते ना?"

"ते पुसून काढले," अल्ताफ म्हणाला. "हा चितारून काढतोय."