चेंडू सोडल्यावरचा हात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या आगाराचे प्रमुख माननीय दौलतराव सांबरे साहेब, व्यासपीठावरील कामगार संघटनेचे पदाधिकारी, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती वाहतूक नियंत्रक श्री. मिलिंद रोकडे, त्यांच्या पत्नी बकुळावहिनी, वडिलांना न्यायला अकोल्याहून आलेली त्यांची कन्या संघरत्ना, ड्युटी संपवून आलेले आणि ड्युटी बुडवून आलेले समस्त चालक-वाहक बंधुभगिनी, आणि मागच्या दाराशी उभ्या असलेल्या, चारदा विनंती करूनही खुर्चीवर न बसलेल्या, स्टँडवरच्या चहाच्या मालकीण आक्का!

सूत्रसंचालकांनी मला ज्येष्ठ पत्रकार म्हटलं. ज्येष्ठ हे त्यांनी केसांवरून ठरवलं असावं, पत्रकार खांद्यावरच्या पिशवीवरून. मी ठाण्याच्या एका सायंदैनिकाचा भिवंडीचा वार्ताहर, हरी बर्वे. वडप्याला वाहतूक तुंबली की माझी बातमी सुटते, पूर्ण्याला नवं गोदाम उभं राहिलं की माझा मजकूर उभा राहतो. त्याआधी काही वर्षं मी शाळेत संस्कृत शिकवत असे. विद्यार्थ्यांनी ते सहन केलं, मग शाळेनं तुकडी बंद केली. मला पाच मिनिटं दिली आहेत. टेनिसमध्ये सर्व्हिस करायला पंचवीस सेकंद देतात, त्या मानानं आपलं मंडळ उदार आहे.

टेनिस हा शब्द मी मुद्दाम उच्चारला. माझ्याआधी चार वक्ते बोलले आणि चौघांनीही 'निवृत्ती म्हणजे दुसरी इनिंग' असं सांगितलं. मी सत्कारमूर्तींकडे पाहत होतो. पहिल्या वेळी ते हसले, दुसऱ्या वेळी पाणी प्याले, चौथ्या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले. तुम्हाला वाटलं, गहिवरले. मित्रहो, या गृहस्थांना क्रिकेट आवडत नाही. भिवंडीत राहून, एसटीत नोकरी करून, बावीस वर्षं ही गोष्ट त्यांनी लपवून ठेवली, यापेक्षा मोठी सेवा ती काय?

त्यांना टेनिस आवडतं. मलाही. आमच्या माहितीप्रमाणे या पंचक्रोशीत टेनिसचे चाहते दोनच. आता तुमच्या लक्षात येईल की उद्या सकाळी नऊच्या गाडीनं भिवंडीतले पन्नास टक्के टेनिसप्रेमी अकोल्याला चालले आहेत.

आमची ओळख बातमीतूनच झाली. गाड्या कुठे अडकल्या हे विचारायला मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो होतो. ते कागदाच्या मागे एक आकृती काढत होते. मला वाटलं, घाटाचा नकाशा. तो फेडररच्या सर्व्हिसचा नकाशा होता. पाय कुठे, खांदा कुठे, चेंडू किती उंच. मी म्हणालो, "चेंडू जरा मागे दाखवलात." त्यांनी वर पाहिलं. आयुष्यात फार थोड्या माणसांनी माझ्याकडे इतक्या आनंदानं पाहिलं आहे. म्हणाले, "बसा."

त्या दिवसापासून मी बसलो. सकाळी आठ ते पावणेनऊ. रीत अशी की सामना आपापल्या घरी बघायचा आणि चर्चा केबिनमध्ये करायची. मध्ये मध्ये त्यांना गाड्या लावाव्या लागत. म्हणजे, "हरीभाऊ, या पोराची पहिली सर्व्हिस जोरदार आहे, पण थांबा, वाडा लावतो. फलाट क्रमांक दोनवर लागलेली गाडी वाड्याकडे जाईल. हां, तर दुसऱ्या सर्व्हिसला त्याचं कोपर घाबरतं." कोपर घाबरतं! असं निदान मी कुठल्याही समालोचकाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

खेळाडूंची वर्गवारीही त्यांनी आपल्या खात्याप्रमाणे लावली होती. फेडरर म्हणजे शिवनेरी, आत बसलं की रस्ता कळत नाही. जोकोविच म्हणजे लाल गाडी, वाटेल त्या रस्त्यावर घाला, पोचणारच. आणि सामन्याआधी पाण्याच्या बाटल्या ओळीत लावणारा नदाल? "तो आपला मेकॅनिक. गाडी निघायच्या आधी सगळे नट तपासणार." एकोणीस साली विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात फेडररची स्वतःची सर्व्हिस होती, विजयाचे दोन गुण हाताशी होते, आणि तरी तो हरला. दुसऱ्या दिवशी आम्ही पाऊण तास समोरासमोर बसलो आणि एक शब्द बोललो नाही. आक्कांनी चहा आणला आणि विचारलं, "कोन गेलं?"

माझ्या संस्कृतचाही तिथे उपयोग झाला, जो शाळेत झाला नव्हता. आपले वैशेषिक दार्शनिक कर्माचे पाच प्रकार सांगतात. उत्क्षेपण म्हणजे वर फेकणं, अवक्षेपण म्हणजे खाली आणणं, आकुंचन, प्रसारण आणि गमन. मी म्हटलं, मिलिंदराव, ही तर सर्व्हिस झाली! चेंडू वर, गुडघे आत, अंग ताणलेलं, रॅकेट खाली, आणि चेंडू गेला. ते म्हणाले, "हरीभाऊ, तुमचं संस्कृत म्हणजे पहिली सर्व्हिस. आवाज मोठा, निम्मी जाळ्यात. आमची पाली म्हणजे दुसरी. सावकाश, पण आत."

एवढ्या ज्ञानानंतर तुम्ही विचाराल, खेळलात कधी? एकदा. बायपासवरच्या एका नव्या वसाहतीत टेनिस कोर्टाचं उद्घाटन होतं. बातमीसाठी मला बोलावणं होतं, मी यांना घेऊन गेलो. तिथल्या प्रशिक्षकानं आमचं बोलणं ऐकून अदबीनं विचारलं, "आप लोग कितने साल से खेल रहे हैं?" मिलिंदराव म्हणाले, "खेल नहीं रहे. बीस साल से देख रहे हैं." त्यानं तरी हाती रॅकेट दिली. माझा चेंडू मागे गेला, एका पाहुण्यांच्या सरबतात पडला. यांनी चेंडू वर सोडला. काय सुंदर सोडला! सरळ, न फिरता, वर जाऊन क्षणभर थांबला. आणि खाली येऊन टप टप करत गेला. यांनी मारलाच नाही. म्हणाले, "एवढा चांगला गेला, मारवेना."

मग केबिनमध्ये त्यांनी मला मोसंबीवर शिकवलं. "हरीभाऊ, चेंडू फेकायचा नसतो. सोडायचा असतो. तुम्ही शेवटच्या क्षणी बोटं आवळता, म्हणून तो मागे जातो. आणि सोडल्यावर हात लगेच खाली आणायचा नाही. तो वरच राहू द्यायचा, चेंडूकडे बघत. हात लवकर पडला की सगळी सर्व्हिस पडली." मी पुष्कळ मोसंबी फुकट घालवली.

अध्यक्षमहाराज, इथवर मी हसतखेळत आलो, कारण पुढचं मला बोलायचं नव्हतं. आपण घड्याळाकडे पाहिलंत तर मला आनंदच होईल. पाहत नाही आहात? बरं.

या सभागृहातल्या पुष्कळांना ठाऊक आहे की गेले पाच महिने मी स्टँडवर पाऊल टाकलेलं नाही. कारणही ठाऊक आहे, कारण ते तुम्ही सर्वांनी ऐकलं आहे. लाउडस्पीकरवर.

जानेवारीतली सकाळ होती, ऑस्ट्रेलियातले सामने चालू होते. बोलता बोलता मिलिंदरावांनी सहज विचारलं, "सामना कुणाबरोबर बघता हल्ली?" माझी पत्नी विद्युल्लता जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मी सांगत गेलो. म्हटलं, चहा अजून दोन कप होतो, हाताला सवय आहे. दुसरा कप पहिला सेट संपेपर्यंत गार होतो. मुलगी अदिती परदेशातून रविवारी फोन करते, आठ मिनिटं. पाच मिनिटं जेवणाची चौकशी, तीन मिनिटं हवामान. बाकी आठवडाभर मी टीव्हीशी मोठ्यानं बोलतो. परवा असाच बोलत होतो, तर तिकडून पंच म्हणाला, "क्वाएट प्लीज." आणि मिलिंदराव, मी गप्प बसलो हो. माझ्याच घरात.

तेवढ्यात त्यांनी झटकन पुढे होऊन टेबलावरचं काहीतरी उचललं. माझं लक्ष नव्हतं. मी बाहेर आलो, तर स्टँडवर कधी नसते ती शांतता. गणेशपुरीच्या गाडीसाठी थांबलेली चाळीस-पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. गणेशपुरीहून भाजी घेऊन येणारी मैना टोपलीवरून उठली आणि म्हणाली, "दादा, एकला हायेस तं आमच्याकडं ये ना. भात हाय, सुकी मासली हाय. कोनी न्हाय म्हनू नको." लूमवरची रात्रपाळी संपवून आलेला एक कारागीर म्हणाला, "साहब, दूसरा कप हमको पिला दिया करो. ठंडा क्यों करते हो?"

आज मला कळतं, दोघंही मायेनं बोलले. त्या क्षणी मला फक्त एवढंच कळलं की माझं रिकामं घर फलाट एक ते सहावर जाहीर झालं आहे. मी आत वळलो आणि म्हणालो, "रोकडे, माईक तुम्ही मुद्दाम चालू ठेवलात. करमणूक झाली ना?" बावीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा नुसतं रोकडे म्हणालो. ते म्हणाले, "बसा, हरीभाऊ." मी बसलो नाही.

पाच महिने मी बातम्या फोनवर घेतल्या आणि बाजाराला जायला लांबचा रस्ता धरला. पण माझं घर स्टँडच्या मागे. सव्वासातला स्वयंपाकघराच्या खिडकीतून यांचा आवाज यायचाच. "फलाट क्रमांक तीनवर लागलेली गाडी वज्रेश्वरीमार्गे गणेशपुरीला जाईल." मी रागावलेलो होतो, तरी चहा त्या आवाजावरच ठेवायचो. दिवसात माझ्या घरात येणारा माणसाचा पहिला आवाज तो. कित्येक दिवस शेवटचाही. उद्यापासून ती घोषणा दुसरं कुणी करील. गाडी तीच असेल, वेळही तीच असेल. मी त्या वेळी काय करणार, हे मला अजून सुचलेलं नाही.

गेल्या मंगळवारी आक्कांनी मला बाजारात गाठलं. त्यांची टपरी केबिनच्या काचेसमोर आहे. म्हणाल्या, "आता तो चाललाय म्हनून सांगते. त्यानं नको सांगितलं व्हतं. माईकच्या बटनावर तुजी पिशवी व्हती. त्यानं उचलली, मी बगितलं." ही पिशवी, मित्रहो. हिच्यात पेपरचे गठ्ठे असतात, तिचं वजन माझ्या लेखनापेक्षा जास्त आहे. वरून विचारणा झाली तेव्हा यांनी लिहून दिलं, 'माईक नजरचुकीने माझ्याकडून चालू राहिला.' आक्कांनी त्यांना विचारलं, अरे, त्याला खरं का नाही सांगत? तर म्हणाले, "एवढा कानकोंडा झालाय. वर आणि आपणच केलं, हे कशाला कळायला हवं त्याला?"

मंगळवारपासून आज आठ दिवस झाले. मी केबिनपर्यंत दोनदा गेलो आणि परतलो. मग वाटलं, दोष भरल्या स्टँडवर दिला, तर माफी खिडकीत कुजबुजून कशी चालेल? म्हणून सांबरे साहेबांना फोन करून मी ही पाच मिनिटं मागून घेतली. वक्ता म्हणून मला कुणी बोलावलेलं नव्हतं, हेही या निमित्तानं उघड करतो.

तर ऐका. या माईकचं बटण मी स्वतः दाबलं आहे. मिलिंद रोकडे यांनी माईक चालू ठेवला नव्हता. मी ठेवला होता, आणि दोष त्यांना दिला. मिलिंदराव, माझं चुकलं. आणि त्या दिवशी मी जे बोललो ते सगळं खरं होतं. घरात कोणी नाही. चहा दोन कप होतो. हे भिवंडीला दुसऱ्यांदा जाहीर करतो आहे, या वेळी शुद्धीवर राहून.

वहिनी, डोळे पुसू नका, मला पुढचं वाचता येत नाही.

कालपासून तिकडे विम्बल्डन सुरू झालं आहे. पहिल्या दिवसाचं तुमचं मत मला माहीत नाही. बावीस वर्षांत असं पहिल्यांदा घडलं. एक डावखुरा पोरगा होता, त्याचा चेंडू सारखा मागे जात होता. मी टीव्हीला सांगितलं, "बोटं सोड." त्यानं ऐकलं नाही. तुम्ही सांगितलं असतंत तर कदाचित ऐकलं असतं.

संघरत्ना, बाळ, तुझ्या वडिलांना मी धरून ठेवत नाही. पण अकोल्यालाही सव्वासात वाजत असतील. त्यांच्या हातात तेवढा फोन देत जा. आठ मिनिटं नकोत, गणेशपुरीची गाडी लागायला लागतात तेवढी दोन पुरेत.

उद्या नऊ वाजता मी स्टँडवर असेन. गाडी फलाटावरून निघेल, वळण घेईल, दिसेनाशी होईल, आणि माझा हात वर असेल. कंडक्टर म्हणेल, म्हातारा निरोप देतोय, अजून हात खाली घेत नाही. तुम्ही काचेतून बघा, मिलिंदराव. बोटं आवळलेली आहेत की सोडलेली, ते तुम्हालाच कळेल.

अध्यक्षांनी वेळ दिला, मंडळानं माईक दिला, आक्कांनी सत्य दिलं, तिघांचा मी ऋणी आहे. आम्हा संस्कृतवाल्यांत पूजा संपताना राहिलेल्या अक्षरांची आणि चुकलेल्या मात्रांची क्षमा मागतात. माझ्या तर अख्ख्या पाच महिन्यांच्या ओळी गाळल्या गेल्या आहेत. त्या मोठ्या मनानं पोटात घाला. आणि भाषण पाच मिनिटांच्या रेषेबाहेर पडलं असेल तर...

काय? सत्कारमूर्ती काहीतरी म्हणतायत. मागे ऐकू आलं नसेल, मी सांगतो, माईक माझ्याकडे आहे. ते म्हणतायत, "बसा, हरीभाऊ."

बसतो.

आक्का, दोन चहा.