डाव्या बाजूची पेटी

चाकण पोलीस चौकी. खंडेनवमी, सन १९७९.

मी, मधुसूदन रंगराव भोईटे, वय ३४, धंदा नोकरी (पिंपरीतील एका कंपनीत टूलरूम फिटर), राहणार कासारवाडी, नाशिक फाट्याजवळ, मूळ गाव फलटण, समक्ष विचारल्यावरून सांगतो ते असे. चौकीतील दौत-टाक आज पूजेत असल्याने हवालदार चिमाजीराव हा जबाब माझ्या पेनाने लिहून घेत आहेत. पेन परत मिळावे.

मी वरील पत्त्यावर आई कौशल्याबाई व पत्नी पद्मा यांचेसह राहतो. पत्नी जून महिन्यापासून माहेरी, कडूस येथे आहे. माझेकडे जुनी जावा मोटारसायकल आहे. लग्नानंतर आम्ही दोघे तिच्यावरून महाबळेश्वर, भीमाशंकर, एकदा थेट गोव्यापर्यंत जाऊन आलो. सामानासाठी मी उजव्या बाजूस पत्र्याची पेटी लावली आहे. डावी बाजू पत्नीची. ती साडीत एका अंगाने बसते, म्हणून तिथे साडीची जाळी व पाय ठेवायला पट्टी आहे. पत्नीच्या वजनाच्या मानाने उजवी पेटी भरावी लागते, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. हे वाक्य लिहू नका असे येथे चौकीत हजर असलेली पत्नी म्हणते, पण ते खरे आहे.

जूनमध्ये आम्हाला मुलगी झाली. ती तिसऱ्या दिवशी गेली. पद्माचे घरात मन लागेना, म्हणून मीच तिला कडूसला पोचवले. त्यानंतर दर सुट्टीला मी डावी बाजू मोकळी ठेवून तिकडे गेलो आणि मोकळीच घेऊन परत आलो. चल, असे मी म्हणालो नाही. तिने आपणहून यावे असे मला वाटत होते. सासरच्यांनी दर वेळी चहा दिला, त्याबद्दल तक्रार नाही.

मागच्या आठवड्यात मेहुणा ज्ञानदेव घरी आला. तो उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "दाजी, ताईनं तिचं सामान मागितलंय. जमंल तवा आणून द्या." मी बरे म्हणालो. तो गेल्यावर मला जेवण गेले नाही. सामान मागितले म्हणजे माणूस परत येत नाही, असेच कोणीही समजेल. मीही तसेच समजलो.

दोन लुगडीच असती तर पिशवीत नेली असती. पण साड्या, शिवणाचे सामान, आरसा, असे सगळे उजव्या पेटीत मावणार नव्हते. डाव्या बाजूलाही पेटी लावणे भाग पडले. कंपनीतले वेल्डर सोपानराव म्हणाले, "जाळी काढून टाक अन् पक्की वेल्ड करून घे, भावा. जल्मात हलणार नाही." मी म्हणालो, जाळी काढायची नाही आणि पेटी निघणारी पाहिजे. सोपानराव माझ्याकडे बघत राहिले व मग आपल्या कामाला लागले.

त्याप्रमाणे मी पाळी सुटल्यावर थांबून जोडणी तयार केली. मागच्या दांडीवर पेटीचे दोन आकडे अडकतात आणि खाली दोन पिना आरपार बसतात. पिना ओढल्या की पेटी वर उचलून हातात येते. पेटी काढल्यावर मागे राहणाऱ्या लोखंडाच्या कडा मी कानशीने घासून गोल केल्या. साडी अडकू नये म्हणून. आता साडीत बसणार कोण, असे सोपानरावांनी विचारले नाही.

सामान मी स्वतः भरले. पद्माने बाळासाठी शिवलेली हिरवी कुंची कपाटात होती. आई म्हणाली, "ती नको रं घालू. लेकराचं बघून पोरगी पुन्हा खचंल." पण ती पद्माच्या हातची होती, ती मागे ठेवली असती तर सामान पुरे झाले नसते. मी ती सगळ्यात वर ठेवली.

उद्या दसरा. दसऱ्याला सुवासिनीचे सामान घराबाहेर काढायचे नाही असे आई म्हणाली, म्हणून मी आजच निघायचे ठरवले. कंपनीतील यंत्रांची पूजा उरकून दुपारी घरी आलो. पाहतो तो घरातील पाने, हातोडी, कानशी यांच्याबरोबर पेटीच्या दोन्ही पिना पाटावर हळदीकुंकू लावून, झेंडूची फुले वाहून ठेवलेल्या. त्या कोणी ठेवल्या असे विचारता आई म्हणाली, "म्या ठेवल्या. हत्यार हाय ते. उद्यापर्यंत हात लावायचा न्हाई." पिन हे हत्यार नाही असे मी सांगून पाहिले. आई देवासमोरून उठली नाही.

मीही टूलरूमचा माणूस आहे. पूजेतले हत्यार नवमीला उचललेले मला चालत नाही. दुसऱ्या पिना करायच्या तर त्यालाही हत्यारच लागते. म्हणून मी पेटी आकड्यांवर अडकवली आणि खालून सायकलच्या जुन्या ट्यूबने आवळून बांधली. असले काम दुसऱ्या कोणी केले असते तर मी त्याला उभा सोलला असता. आईने पिना मुद्दाम पूजेत ठेवल्या की कसे, याबद्दल तिला विचारणा होऊ नये अशी विनंती आहे.

मोशीच्या पुढे रस्ता खराब आहे. पेटी कुठे पडली ते मला कळले नाही. माझे लक्ष रस्त्यावर होते असे म्हणता येणार नाही. कडूसला पोचलो तेव्हा पद्मा दारात आली. गाडीची डावी बाजू मोकळी व ट्यूब लोंबत असलेली तिने पाहिली. आमचे बोलणे खालीलप्रमाणे झाले.

"सामान कुठाय?"

"पडलं."

"पडलं? तुम्ही बसवलेलं?"

मी ट्यूब दाखवली. पिना पूजेत आहेत हेही सांगितले. तिने तोंडाला पदर लावला. मला वाटले रडते आहे. ती हसत होती. जूननंतर मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिले, आणि मला पेटी पडल्याचे वाईट वाटेनासे झाले. मग हसू थांबवून तिने विचारले, "कुंची होती का हो त्यात?"

"होती. सगळ्यात वर."

"मला तीच पाहिजे होती. नुसती कुंची आणा म्हणायला तोंड होईना. म्हणून ज्ञानूला म्हटलं, सामान सांग."

मी गाडी वळवली. पद्मा तशीच चपला घालून गाडीवर बसली आणि म्हणाली, "चला, हुडकू." ती पेटी हुडकण्यासाठी आली होती, घरी येते असे म्हणाली नव्हती. हे मी स्पष्ट करतो.

आम्ही रस्ता बघत, लोकांना विचारत मोशीपर्यंत गेलो. तेथे सडकेला झेंडू विकणाऱ्या सोजराबाई म्हणाल्या, "व्हय, म्याच दिली चाकणच्या चौकीत, यष्टीत घालून. उघाडली तर वर कुंची. म्हनलं, कुन्या बाळंतिणीचं हाय, रस्त्यावं कसं ठिवू?" पद्माने त्यांचे हात धरले. बराच वेळ सोडले नाहीत.

तेथून आम्ही या चौकीत आलो. पेटी माझीच कशावरून, असे हवालदारांनी विचारल्यावरून मी ती चौकीच्या अंगणात त्यांच्या समक्ष गाडीला लावून दाखवली. आकडे दांडीत बसले, पिनांची भोके समोरासमोर आली. दुसऱ्या कोणत्याही गाडीला ती अशी बसणार नाही. आतील सामान पद्माने ओळखले. कुंची तिने बाहेर काढली, झटकली, घडी घातली व हातात ठेवली.

सामान ओळखणारी म्हणून तिचे नाव लिहिताना हवालदारांनी विचारले, "बाई, राहणार काय लिहू? कडूस का कासारवाडी?"

मी गाडीकडे पाहत होतो. त्या वेळी मी काही सुचवले नाही.

पद्मा म्हणाली, "कासारवाडी लिहा."

सबब, पेटी माझी असून चोरीचा कोणावर संशय नाही. मात्र ती आज नेता येत नाही. डाव्या बाजूस पेटी तरी लागते किंवा माणूस तरी बसते, दोन्ही एकदम नाही. पेटी मी गाडीवरून काढून हवालदारांच्या ताब्यात दिली आहे. पिना उद्या पूजेतून उठतील. उद्या चौकीत सोने द्यायला येईन तेव्हा ती घेऊन जाईन.

वरील जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. पत्नीचा पत्ता मी त्यांच्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतला. तोही बरोबर आहे.