मेंदूतला गोठा

अहो, बसा की पावणं, बाकडं काय माझ्या बापाचं न्हाई — आन पेशंट मी न्हाई, आधीच सांगतो. मंडळी गेलीय आत डाक्टरकडं, तिचे गुडघे. मघाशी तो कंपाउंडर 'हौशीराम, हौशीराम' म्हणून बोंबलला ना, तो हौशीराम मीच, पण केसपेपर चुकून माझ्या नावावर निघालाय. व्हतं असं. काय? हातातली पिशवी वाजतीय? वाऱ्यानं वाजतीय, दुसरं काय! पंखा बंद हाय? मग खिडकीतनं येत असंल वारा.

तुमी कुठलं? तळेघर? म्हंजे डोंगरातलं, भातवालं. तुमाला फवारणीतलं काय कळणार! आमी पिंपळवंडीचं, टोमॅटोवालं. ड्रममधी औषध टाकलं की लोकं काठी शोधत बसायची — मी हात घालायचो, पार कोपरापतूर. काठीला काय कळतंय, पूड विरघळली का तळाला बसली ते? हाताला कळतं. आख्खी आळी मला बोलवायची औषध कालवायला! मग धोतराला हात पुसायचा आन भाकरी मोडायची. काय झालं? काय न्हाई झालं. धडधाकट हाय का न्हाई मी? पिशवीकडं नका बघू, माझ्याकडं बघा!

आता आमची नात अक्षदा, पुण्यात शिकती कायतरी. ती म्हणती, आबा, मेंदूतली पेशी लई हवा खाती, आन जेवढी हवा खाती तेवढा आतल्या आत धूर व्हतो. त्यात वरनं तुमचं औषध. तो धूर निवळायला, ते औषधाचं ईख मारायला पेशीतच कामकरी असतात — एन्झाइम म्हणती ती त्यांना. म्हणलं, मग सरळ सांग ना बये, गोठा झाडणारी माणसं! बैल हाय म्हणल्यावर शेण पडणारच. रोज उचललं तर ठीक, न्हाई तर खूर कुजतं. म्हणती, हां आबा, तसंच. फक्त बैल गेला तर दुसरा बाजारातनं आणता येतो, ही पेशी गेली की गेली. म्हणलं, आन ह्यो दादाभाऊ? माझा चुलतभाऊ, त्याच ड्रमात माझ्याबरोबर हात घालायचा, त्याचा हात बघा — खांबावानी! तर म्हणती, काहींच्या अंगात जन्मानंच झाडणारी माणसं दमदार असतात, काहींची कच्ची. घ्या! बांध त्यानं कोरला, विहिरीचं पाणी त्यानं वळवलं, आन हितंबी आमचीच वाटणी कमी!

न्हाई, चहा नको. आवडतो हो — पण कप लई काठोकाठ भरतात हितं.

अहो, चैत्रात आमची यात्रा. शर्यतीचा बैलगाडा पळणार घाटात. बैल जुंपायचा मान माझा. पिसाळलेलं जनावर, त्याच्या मानंखालनं जुपणीचा फास असा एका झटक्यात — काय बघताय? वाऱ्यानं हलला हात! डाक्टर हो म्हणला तर मी जुंपणार. न्हाई म्हणला तर आमचं पोरगं सुभाष मान देणार दादाभाऊला. म्हणून तर मंडळीला आत धाडलं. माझी दुखणी तिलाच पाठ, ती सांगंल नीट, कमी करून. गुडघे? हां, गुडघेबी हायेत तिला. पण हात कसा — दगड! जन्मभर आमचा गोठा तिनंच झाडला. कुणी विचारलं, मंडळी काय करती, तर मी म्हणायचो, काय न्हाई, घरीच असती. एकदा भावाकडं राहिली, तर बैल घोट्यापतूर शेणात, आन मी त्यांच्या शेजारी...

आलीस का गं प्रयागा? काय म्हणला? मलाच बोलवलंय? सगळं सांगितलंस? वाटलंच! आन गाडा? — न्हाई म्हणला?

बरं.

मग काय, दादाभाऊ नाचणार आता घाटात. काय म्हणलीस? कोण जुंपणार? — तू? त्या बैलांना? हां, तुझ्या हातनं खात्यात, ते खरं. माझं ऐकत न्हाईत, तुझं ऐकत्यात, तेबी खरं. पण बाईमाणूस, घाटात... आन दादाभाऊचं तोंड! जुंप, जुंप! मी मागं उभा ऱ्हाऊन शिव्या देतो, तोंड काय हलत न्हाई माझं.

धर, पिशवी धर तू. ऐकलं का पावणं? वाजायची थांबली. म्हणलं नव्हतं, वारा हाय म्हणून? तुमी काय दात काढताय? बसा मुकाट!