जावेच्या गावचा पाऊस

माझी धाकटी जाऊ शुभा आयर्लंडला असते, माहितीये ना? मार्च लागला की रोज दुपारी तिचा मेसेज. "वहिनी, आत्ता ऊन होतं, आता भुरभुर पाऊस, परत ऊन! काय झकास वाटतंय!" आणि इकडे घाटकोपरला मी पंख्याखाली घामाने निथळतेय. इतका जळफळाट व्हायचा की शेवटी मी फोनच्या हवामानात तिचंच गाव टाकून ठेवलं. म्हटलं, कधीतरी हिची पुरती वाट लावणारा पाऊस दिसू दे.

दिसला ना! गच्चीवर अख्ख्या बिल्डिंगच्या कुरडया घातलेल्या आणि माझा फोन वाजला, 'थोड्याच वेळात जोरदार पाऊस'. गावाचं नाव कोण बघतंय! मी ओरडले, "पाऊस आला!" सगळ्या बायका धावल्या. ओल्या कुरडया भराभर गोळा केल्या, त्यांचा झाला लगदा आणि वर ऊन टळटळीत.

शेजारच्या नाईककाकूंनी माझ्या हातातून फोनच घेतला. "अगं, हा तुझ्या जावेकडचा पाऊस आहे!"

मी तणतणत तिथूनच शुभाला फोन लावला. सगळं ऐकून ती म्हणाली, "खरं सांगू वहिनी? मला तुमचाच हेवा वाटतो. इकडे आठवडाभर साधा टॉवेल वाळत नाही, कुरडया कुठल्या! मला पाठवाल थोड्या?"

"पाठवते की गं!"

तेवढ्यात बघते तर नाईककाकू लगद्याची परात घेऊन कचऱ्याकडे निघालेल्या.

"काकू, थांबा! टाकू नका!"