संवत्सरीला आलेला मेसेज

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे सचिव माननीय नरेंद्रजी, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या ग्रंथपाल रत्नमालाताई आणि मालेगावातल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना कंचनबाईचा जय जिनेंद्र आणि सविनय जय भीम.

ताईंचा गौरव करायला इथे शब्दांचे धनी पुष्कळ आहेत. मी कापडदुकानदाराची बायको, मला मीटर समजतं, भाषण नाही. पण ताई दुपारी आम्हा बायकांचा मोबाईलचा वर्ग घ्यायच्या. त्यातली सगळ्यात ढ विद्यार्थिनी म्हणून मला उभं केलं असावं. हसा, हसा!

आमचे हे, खेमचंदजी, गेले तेव्हा आम्ही काय केलं? सगळे करतात तेच. श्रद्धांजलीचा फोटो, खाली घरच्यांची नावं आणि नंबर, असं गावभरच्या ग्रुपवर पाठवलं. पुढच्या संवत्सरीला, म्हणजे आमच्या क्षमा मागायच्या दिवशी, दुपारी माझ्या मोबाईलवर यांचाच फोटो, यांचंच नाव आणि 'मिच्छामि दुक्कडम्'. आमच्यात त्या दिवशी वैऱ्यानं क्षमा मागितली तरी उत्तर द्यावं लागतं. मग यांना कशी नाही देणार? दिलं. लगेच आलं, 'जेवली का?'

खोटं आहे हे कळत नव्हतं का? कळत होतं हो! पण लेक जिनल सासरी, घरात असं विचारणारं कोणी उरलं नव्हतं. मग आलं, 'तुझ्या मोबाईलवर सहा आकडे आले असतील, ते पाठव.' मला चष्मा सापडेना, म्हणून मोबाईल घेऊन वाचनालयात आले.

ताईंनी वाचलं. म्हणाल्या, "कंचनबाई, आज तर तुमचा उपास. तुमचे हे आजच्या दिवशी जेवनाचं विचारतीन का?"

"नाही विचारणार."

"मंग हा कोन हाय?"

"कोनी का असेना. राहू द्या ना ताई. फोटो तर यांचाच हाय."

"तो आकडा देला तर तुमचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या हाती जाईन. उद्या जिनलले तुमच्या नावानं मेसेज जाईन. तिनं काय करावं?"

ताई रागावल्या नाहीत. ब्लॉकचं बटण दाखवून मोबाईल माझ्याच हातात दिला. "हे तुमीच करा."

फोटोत हे हसत होते आणि खाली 'ऑनलाइन' लिहिलेलं. घरातल्या तसबिरीखाली असं कधी लिहून येत नाही. मी बटण दाबलं आणि ताईंच्या टेबलाशी बसून रडले. त्यांनी त्या दिवशी वर्ग घेतला नाही, माझ्याजवळ बसून राहिल्या.

आता त्या आपल्या लेकाकडे नागपूरला चालल्या. ताई, खोटं कसं ओळखायचं ते तुम्ही शिकवलं. ओळखल्यावरही ते हवंसं वाटतं, त्याचं काय करायचं हे विचारायचं राहून गेलं.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. काही उणं-अधिक बोलले असेन, भर सभेत रडले, त्याची आपण सर्वांनी क्षमा करावी. ते बटण दाबल्याची क्षमा मी यांच्याकडे रोज मागते.